खोदून केलेला उंचवटा

लेसर विभागाबाहेरच्या बाकावर बसलेली बहुतेक मंडळी मायनस नंबरची असतात. कॉलेजातली मुलं, पोलीस भरतीची तयारी करणारे, लग्नाचं बघायला लागलेल्या मुली आणि मांडीवर फाइल घेऊन बसलेल्या त्यांच्या आया. त्या गर्दीत एखादे पंचेचाळिशीचे गृहस्थ अवघडून बसलेले दिसले की मी नंबर न काढताच ओळखते, हे प्लसवाले. आत आले की त्यांचं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं. "मॅडम, मला उभ्या आयुष्यात चष्मा नव्हता हो. घारीसारखी नजर होती. आता जवळचंही दिसेना आणि लांबचंही." त्यांना सांगावं लागतं, "काका, नंबर तुम्हाला शाळेत असल्यापासून आहे. तुमचा डोळा इतकी वर्षं जोर लावून तो झाकत होता, आता त्याच्यानं होईना झालंय." हे त्यांना अजिबात पटत नाही. मग ते खरा प्रश्न विचारतात, "लेसरनं जाईल ना पण?"

मायनसच्या मुलीला मी ज्या सहजपणे "जाईल" म्हणते, तसं काकांना म्हणता येत नाही. का म्हणता येत नाही हे नीट सांगायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागेल, आणि ओपीडीत तेवढी सवड नसते. म्हणून इथे लिहिते.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, साध्या भाषेत नंबर काढणारी. सुरुवात कोल्हापुरात एका चष्म्याच्या दुकानात झाली, काचा घासायच्या दगडापासून. पुढे पुण्यात लेसर विभागात आले. या विभागात येणारी माहितीपत्रकं, कंपन्यांची भाषणं, वर्तमानपत्रांतले लेख सगळे लेसरचा इतिहास मायनसवाल्यांचा म्हणून सांगतात. माझ्या मते तो तसा नाही. कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, हत्यार चालवून नंबर घालवायची कल्पना आधी सुचली ती सिलिंडरसाठी. मायनसचा नंबर त्यानंतर लागला. आणि प्लस बिचारा दर वेळी रांगेत शेवटी. याचं कारण कुणाचा दुष्टपणा नव्हे. मायनस घालवायला कॉर्नियाचा मधला फुगवटा कमी करायचा असतो. प्लसला तो वाढवावा लागतो. माणसाच्या हातात जी हत्यारं आली, सुरी काय किंवा लेसर काय, ती सगळी काढून टाकणारी. घालणारं एकही नाही.

सिलिंडरपासूनच सुरू करते. सिलिंडर म्हणजे डोळ्याचा वक्र सगळीकडे सारखा नसणं, एका दिशेला जास्त, तिच्या काटकोनात कमी. थॉमस यंग हा इंग्रज डॉक्टर, प्रकाशाच्या लहरींमुळे भौतिकशास्त्रात गाजलेला. १८०१ साली छापलेल्या निबंधात त्यानं स्वतःच्या डोळ्यातला हा दोष मोजून मांडला. दोष कॉर्नियात आहे की आतल्या भिंगात, हे पाहायला त्यानं डोळा चक्क पाण्यात बुडवला. पाण्यात कॉर्नियाची प्रकाश वळवण्याची ताकद जवळजवळ संपते. दोष तरीही राहिला, तेव्हा त्यानं भिंगावर ठपका ठेवला. मला त्या निबंधातली दुसरीच गोष्ट आवडते. केरी नावाच्या उपकरणं बनवणाऱ्या दुकानदारानं यंगला सांगितलं होतं, की काही गिऱ्हाइकं काच तिरकी धरल्याशिवाय नीट बघूच शकत नाहीत. म्हणजे शास्त्रज्ञाच्या आधी ते काउंटरवर कळलेलं होतं. आमच्या दुकानातही असे लोक यायचे, चष्म्याची एक दांडी वर करून, मान वाकडी करून बोर्ड वाचणारे. काच तिरकी केली की तिच्यात आपोआप थोडा सिलिंडर तयार होतो. दुकानाचे मालक नुसतं ते बघून म्हणायचे, "पेटीतनं सिलिंडर काढ गं."

यंगनं हे लिहिलं आणि सोडून दिलं. तो निबंध छापला गेला त्याच वर्षी जन्मलेला जॉर्ज एअरी मात्र स्वतःच्या डाव्या डोळ्यामुळे पेटून उठला. पुढे तो ग्रिनिचच्या वेधशाळेचा प्रमुख झाला, पण तेव्हा केंब्रिजमध्ये होता आणि वाचताना आपला डावा डोळा कामच करत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. कार्डाला टाचणीनं भोक पाडून ते डोळ्यासमोर पुढेमागे करत त्यानं बघितलं. एका अंतरावर ठिपका तिरप्या रेघेसारखा दिसला, दुसऱ्या अंतरावर तिला काटकोनात असलेल्या रेघेसारखा. या दोन अंतरांवरून त्यानं गणित मांडलं आणि एका बाजूनं गोलाकार, दुसऱ्या बाजूनं नळकांड्यासारखी वक्र अशी काच ठरवली. ती घासून दिली इप्सविच गावच्या फुलर नावाच्या चष्मेवाल्यानं. १८२५ साली एअरीनं केंब्रिजच्या सभेत हे सांगितलं. आज चष्म्याच्या चिठ्ठीवर आपण स्फेरिकल, सिलिंडर, अ‍ॅक्सिस असे तीन आकडे लिहितो, त्या चिठ्ठीचा मूळपुरुष हा.

प्लसच्या नशिबी मात्र तेव्हा काहीच नव्हतं. वाचताना तासाभरात डोळे दुखणं, अक्षरं विरघळणं, कपाळ ठणकणं, ही तक्रार घेऊन तरुण शिंपी, शिवणकाम करणाऱ्या बाया, कारकून डॉक्टरकडे जात आणि डॉक्टर 'दुर्बळ डोळे' असं निदान करत. बसून करायचं काम सोडा, उघड्यावरचं काहीतरी धरा, हा त्यावरचा उपाय. म्हातारपणाचा भिंगाचा चष्मा तरुणाला दिला तर डोळे आणखी बिघडतील अशी समजूत होती. उट्रेख्टच्या फ्रान्स डोंडर्सनं हे निस्तरलं. त्याचं १८६४ सालचं पुस्तक आमच्या विषयातला मूळ ग्रंथ. त्यानं स्पष्ट केलं की चाळिशी वेगळी आणि प्लस वेगळा. चाळिशीत भिंगाचं लवचीकपण जातं, प्लसमध्ये डोळाच आखूड असतो आणि प्रतिमा डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्याही पलीकडे पडू पाहते. तरुण माणूस भिंग फुगवून ती पुढे ओढतो, दिवसभर ओढतो आणि संध्याकाळी त्याचं डोकं दुखतं. एका बहिर्वक्र काचेनं कित्येक लोकांचे धंदे वाचले.

काकांना जे पटत नाही ते डोंडर्सनं लिहून ठेवून दीडशेहून जास्त वर्षं झाली.

आता हत्यारांकडे येऊ. सिलिंडरसाठी कॉर्नियाला आडवा छेद द्यावा, हे उट्रेख्टच्याच हर्मन स्नेलननं १८६९ मध्ये सुचवलं होतं. आपण भिंतीवर वाचतो तो अक्षरांचा तक्ता ज्याचा, तोच हा. प्रत्यक्ष सुरी लावली ती नॉर्वेच्या यालमार शोट्झनं, १८८५ मध्ये. त्याच्या एका रुग्णाला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर साडेएकोणीसचा सिलिंडर उरला होता. साडेएकोणीस! आम्ही चारचा सिलिंडर दिसला तरी दुसऱ्यांदा तपासतो. शोट्झनं कॉर्नियाच्या कडेला, जास्त वक्र असलेल्या दिशेवर, छेद दिला आणि सिलिंडर सातावर आला. याच शोट्झनं पॅरिसमध्ये एमिल झावालबरोबर कॉर्नियाचा वक्र मोजण्याचं यंत्र बनवलं होतं. त्यामुळे आधी मोजून, मग कापून, मग परत मोजणारा हा पहिलाच माणूस असावा.

१८९८ मध्ये लान्स या डच डॉक्टरनं सशांच्या डोळ्यांवर पद्धतशीर प्रयोग केले. छेद कुठे दिला, किती खोल दिला तर वक्र किती बदलतो, याची नोंद ठेवली. त्याच प्रयोगांत त्यानं कॉर्नियाला तापलेल्या टोकानं डागूनही पाहिलं. डाग दिलेल्या जागी ऊतक आकसतं आणि शेजारचा भाग ताणला जाऊन त्याचा वक्र बदलतो. इथे प्लसवाल्यांची वेगळी वाट फुटली. घालता येत नाही तर नका घालू, कडेला चिमटा काढून मधलं उंच करा.

त्या वाटेवर पुन्हा पावलं उमटायला ऐंशीहून जास्त वर्षं गेली. मधल्या काळात सुरीनं मायनसवाल्यांचा ताबा घेतला. टोकियोत त्सुतोमू सातो यांनी कॉर्नियाला आतल्या बाजूनं छेद द्यायला सुरुवात केली. कॉर्निया कोरडा आणि पारदर्शक ठेवणाऱ्या पेशी आतल्याच थरात असतात, आणि गेल्या की परत येत नाहीत, हे तेव्हा माहीत नव्हतं. पंधरावीस वर्षांनी त्यांच्या बहुसंख्य रुग्णांचे कॉर्निया सुजून पांढरे पडले. मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकात बाहेरून छेद द्यायची पद्धत बसवली, सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारखे आठ किंवा सोळा छेद. फिरत्या पलंगांवर रुग्ण झोपवलेले, प्रत्येक सर्जन आपला एकच टप्पा करणार, पलंग पुढे सरकणार, असा त्यांचा कारखानाच होता. 'आरके' म्हणून हे ऑपरेशन जगभर गेलं. आपल्याकडेही १९८० च्या दशकात झालं.

आरकेचा हिशेब अमेरिकेत नीट ठेवला गेला. १९८२-८३ मध्ये ४३५ रुग्णांवर एकाच पद्धतीनं छेद देऊन दहा वर्षं पाठपुरावा करण्यात आला. दहा वर्षांनंतर ४३ टक्के डोळे एक किंवा त्याहून जास्त नंबरानं प्लसकडे सरकलेले निघाले. छेद दिलेला कॉर्निया वर्षानुवर्षं सपाट होतच राहिला. मायनस घालवण्याच्या नादात या ऑपरेशननं नव्यानं प्लसवाले तयार केले. लेसरच्या जाहिरातींत आरकेचा उल्लेख कुणी करत नाही, केला तर "जुनी पद्धत" एवढाच. मला तो वगळता येत नाही, त्याचं कारण शेवटी येईलच.

घालायचा प्रयत्न अगदी कुणीच केला नाही असंही नाही. बार्सिलोनाहून बोगोटाला गेलेल्या होसे इग्नासिओ बाराकेर यांनी १९४९ मध्येच मांडलं होतं की कॉर्नियाचा आकार बदलून नंबर बदलता येईल. ते कॉर्नियाची चकती कापून काढत, गोठवत, लेथवर घासत आणि परत शिवत. प्लससाठी त्यांनी दुसऱ्याच्या कॉर्नियाची भिंगासारखी घासलेली चकती रुग्णाच्या कॉर्नियाच्या थरांमध्ये घालून पाहिली. खरोखर 'घालणं' म्हणावं असं हे. ते मुख्यतः मोतीबिंदू काढलेल्या, भिंगच नसलेल्या डोळ्यांसाठी होतं. आपल्याकडच्या नेत्रशिबिरांतून परत आलेल्या आजोबांचे ते दहा नंबरचे जाड चष्मे आठवा, ज्यांतून डोळे दुप्पट दिसायचे आणि दाराची चौकट वाकडी. लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्येच डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं होतं. ते रूढ व्हायला तीन दशकं लागली, पण झाल्यावर त्या आजोबांचा प्रश्न परस्पर सुटला आणि बाराकेर यांच्या चकतीची गरज उरली नाही. त्यांची पातळ थर उचलण्याची युक्ती मात्र राहिली. आज लॅसिक या लेसर ऑपरेशनात कॉर्नियाची जी झडप उचलतात, तिचं मूळ बोगोटात आहे.

डागण्याची वाट १९८० च्या दशकात फ्योदोरोव यांनीच परत उघडली. सहाशे अंशांपर्यंत तापवलेली तारेची सुई कॉर्नियाच्या जवळजवळ पूर्ण जाडीत क्षणभर टोचायची, मध्यभाग सोडून सभोवती अशा टोचण्यांच्या ओळी. साठ अंशांच्या आसपास कॉर्नियातले कोलॅजनचे धागे आखडतात, कडेचा भाग आवळला जातो आणि मधला वर येतो. पहिल्या महिन्यात रुग्ण खूश, वर्षभरात नंबर परत. मग सुईच्या जागी होल्मियम लेसर आला. तो डोळ्याला न टेकता ठिपके डागायचा. अमेरिकेच्या एफडीएनं २००० साली त्याला परवानगी दिली ती 'तात्पुरत्या सुधारणेसाठी' असं कागदावर लिहून. असं प्रामाणिक वाक्य सरकारी परवान्यावर क्वचित वाचायला मिळतं. दोन वर्षांनी केसाएवढ्या बारीक सुईतून रेडिओलहरी सोडून तेच करणारं यंत्र आलं. तेही ओसरलं. धागे आखडतात, पण डोळा जिवंत असतो, तो हळूहळू आपलं जुनं रूप धरतो. लान्सच्या सशांपासून इथवर एका शतकाची मेहनत, आणि शेवटी हाती 'तात्पुरतं'.

फ्योदोरोव डागत होते त्याच सुमारास दुसरीकडे जे घडत होतं त्याचा डोळ्यांशी सुरुवातीला काही संबंध नव्हता. मद्रासमध्ये जन्मलेले आणि तिथेच शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्क राज्यात आयबीएमच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होते. तिथे एक्सायमर लेसर होता, आर्गॉन आणि फ्लोरीन वायूंवर चालणारा, १९३ नॅनोमीटरचा अदृश्य अतिनील किरण देणारा. प्लॅस्टिकवर तो मारला तर जळत नाही, वितळत नाही, वरचा थर नुसता उडून जातो, हे त्यांनी पाहिलं होतं. जिवंत ऊतकावर काय होईल, हा प्रश्न ते, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम यांच्यात घोळत होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी श्रीनिवासन घरच्या जेवणातला उरलेला टर्कीचा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत आले आणि त्याच्यावर लेसर चालवला. सूक्ष्मदर्शकाखाली छेदाच्या कडा स्वच्छ होत्या. तुलनेसाठी हिरव्या लेसरनं केलेली चीर मात्र करपलेली. या किरणाचा एकेक कण रेणूंमधले बंध थेट तोडतो, त्यामुळे शेजारच्या पेशीला उष्णता पोचायच्या आतच वरचा थर गेलेला असतो. एका ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन. कॉर्नियाची सगळी जाडी पाचशे चाळीस मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे किती बारीक माप हाती आलं ते बघा. कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्याबरोबर जनावरांच्या कॉर्नियांवर काम करून १९८३ मध्ये लेख छापला आणि विषय आमच्या आवारात आला.

आणि माणसाच्या डोळ्यावर नंबरासाठी हा लेसर आधी कशाला वापरला गेला? सिलिंडरला. बर्लिनचे थेओ झायलर यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर मुखवट्यातल्या फटीतून लेसर सोडून कॉर्नियावर आडव्या चिरा पाडल्या, शोट्झनं जवळपास शंभर वर्षांपूर्वी सुरीनं केलं तेच. १९८८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. लेसर मिळाला तरी पहिल्यांदा लोकांनी त्याची सुरीच केली, हे मला फार माणसासारखं वाटतं.

चिरा पाडण्यापेक्षा पृष्ठभागच घासून आकार द्यावा, हे पाऊल न्यू ऑर्लिन्सच्या मार्गरीट मॅकडॉनल्ड यांनी १९८८ मध्ये दिसत्या डोळ्यावर टाकलं. रुग्ण बाईंना डोळ्यामागे कर्करोग होता, डोळा काढावाच लागणार होता. काढण्याआधी त्याच्यावर प्रयोग करा असं त्यांनी आपणहून सांगितलं. पुढे क्रीटमध्ये इओआनिस पालिकारिस यांनी बाराकेर यांची झडप आणि हा लेसर एकत्र केला, तेच आजचं लॅसिक.

आता मायनस सोपा का, ते बघा. सुरुवातीच्या यंत्रांत लेसरचा जाड झोत एका उघडणाऱ्या-मिटणाऱ्या गोल पडद्यातून जायचा. भोक लहान असताना मध्यावर ठोके जास्त बसायचे, मोठं होत गेलं की कडेपर्यंत जायचे. झाला मध्य सपाट. सहा मिलिमीटरच्या वर्तुळात तीनचा मायनस घालवायला मध्यावर छत्तीस मायक्रॉन खोदायचे, हे गणित चार्ल्स मनरलिन यांनी १९८८ मध्ये मांडलं. सिलिंडरसाठी गोल भोकाऐवजी सरकणारी फट लावली की एका दिशेचा वक्र कमी होतो. प्लस या यंत्रांना जमतच नव्हता, कारण तिथे मध्य शाबूत ठेवून त्याच्याभोवती कडं खोदावं लागतं. आमच्या मामांकडे आंब्याच्या कलमाला आळं करतात ना, बुंध्याभोवती गोल माती उकरली की बुंधा उंचावर असल्यासारखा दिसतो, तसं. उंचवटा तयार होतो तो भोवतालचं खोदून. त्यासाठी बारीक झोत हवा, तो वर्तुळात फिरवणारं यंत्र हवं, झडप मोठी हवी आणि नऊ मिलिमीटरपर्यंत उतार हळू मिळवत न्यायला हवा. म्हणूनच एफडीएच्या परवानग्यांचा क्रम असा दिसतो: मायनस १९९५, सिलिंडर १९९७, प्लस १९९८.

आणि आळं बुजतं. कॉर्नियाच्या वरच्या नाजूक थराला, साधारण पन्नास मायक्रॉन जाडीच्या, खड्डा दिसला की भरायची सवय आहे. खोदलेल्या कड्यात तो जाड होतो, मधल्या उंचवट्यावर पातळ. वक्र उतरतो, आणि थोडा प्लस परत येतो. नंबर जितका मोठा तितकं हे जास्त. म्हणून बहुतेक सर्जन चारच्या वरच्या प्लसला लेसरचं नावच काढत नाहीत.

दुसरी अडचण माझ्या खुर्चीतली. मागे एक मुलगी आली होती, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, डोकं दुखतं म्हणून. नुसत्या यंत्रावर प्लस सव्वा. थेंब घालून, डोळ्याचे स्नायू सैल करून तासाभरानं परत बघितलं तर साडेतीन. सव्वादोन तिचा डोळा गुपचूप उचलत होता. आता लेसर किती करायचा? सव्वा केला तर दहा वर्षांत ती परत चष्म्यात. साडेतीन केला तर उद्यापासून लांबचं धूसर, कारण डोळ्याची जोर लावायची सवय एका रात्रीत सुटत नाही. तिला आधी चष्मा दिला, हळूहळू वाढवत. ती नाराज झाली. आईनं मला विचारलं, "ताई, मशिनमध्ये कळत नाही का बरोबर आकडा?"

सिलिंडरची कथा वेगळी, तिथे चूक कोनाची. माणूस झोपला की डोळा खोबणीत किंचित फिरतो, कुणाचा दोन अंश, कुणाचा त्याहून जास्त. सिलिंडरचा अक्ष पंधरा अंश चुकला तर निम्मं काम वाया, तीस चुकला तर सगळंच. म्हणून ऑपरेशनपूर्वी पेशंटला ताठ बसवायचं, हनुवटी स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या टेकूवर, बधिर करणारा थेंब घालायचा, आणि शाईच्या पेननं कॉर्नियाच्या कडेला डावीउजवीकडे दोन ठिपके द्यायचे, घड्याळात तीन आणि नऊ वाजतात तिथे. ठिपका देताना श्वास रोखायचा, माझा आणि त्याचाही. अश्रूंत शाई पसरली तर पुसून परत. नवी यंत्रं बुबुळाच्या रेषा ओळखून डोळा किती फिरला ते स्वतःच काढतात. तरी आमचे सर्जन ठिपके मागतात आणि मी देते. ऑपरेशनच्या दिवशी अत्तर, सेंट लावून येऊ नका असंही मीच सांगते, कारण हवेतली वाफ लेसरच्या झोतात लुडबुड करते. पेशंट आत काय अनुभवतात तर टकटक आवाज आणि केस जळल्यासारखा वास. जळत काही नसतं, पण वास येतो.

हल्ली झडपेऐवजी फेम्टोसेकंद लेसरनं आतल्या आत चकती कापून बारीक छेदातून ओढून काढतात. जाहिराती रस्त्यारस्त्यावर आहेत. ही युक्तीही आधी मायनसला आली, मग सिलिंडरला. प्लसला चकती मध्ये पातळ आणि कडेला जाड लागते, ती न फाटता काढणं अवघड, त्यामुळे इथेही प्लसवाले रांगेत शेवटीच.

आता आरकेचं. साठी ओलांडलेले एक गुरुजी आमच्याकडे येतात, निवृत्त मुख्याध्यापक. तरुणपणी पाचचा मायनस होता. १९८० च्या दशकात मुंबईत जाऊन ब्लेडनं छेद घेतले, चष्मा गेला, गावात कौतुक झालं. स्लिट लॅम्पखाली त्यांच्या कॉर्नियावर आठ पांढऱ्या रेघा अजून स्वच्छ दिसतात. आज नंबर प्लस साडेतीन, वर सिलिंडर दीडचा. तोही स्थिर नाही. रात्री मिटलेल्या पापणीखाली कॉर्निया किंचित सुजून छेदांशी पसरतो, त्यामुळे सकाळी प्लस जास्त आणि संध्याकाळी कमी. त्यांच्याकडे दोन चष्मे आहेत, एकाच्या दांडीवर त्यांनी नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, तो सकाळचा.

लेसरनं हा प्लस काढून द्या म्हणून ते आले होते. छेद दिलेल्या कॉर्नियावर झडप उचलायला सर्जन तयार नव्हते, आणि तसाही मोतीबिंदू सुरू झालाच होता. त्यामुळे आधी तो काढून भिंग बसवायचं ठरलं. भिंगाचं गणित कॉर्नियाच्या वक्रावरून होतं, आणि नेहमीची यंत्रं असा कापलेला कॉर्निया आहे त्यापेक्षा जास्त वक्र मोजतात. त्या आकड्यावर विसंबलं तर पेशंट ऑपरेशननंतर प्लसमध्येच जाऊन बसतो. म्हणून मी सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा मापं घेतली, सर्जननी तीन-चार सूत्रांनी हिशेब केला आणि गुरुजींना सांगितलं, "आम्ही मुद्दाम तुम्हाला थोडा मायनस ठेवतोय. पाऊण."

गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे ज्याच्यासाठी कापून घेतलं, तोच आता तुम्ही घालून देणार?"

"पाऊणच हो," मी म्हटलं. "आणि कॉर्निया पुढेही सपाट होत राहिला, तर तोही काही वर्षांत जाईल."